मोतीरामचा टँक

कुर्ला, मुंबई
१४ एप्रिल १९६८

मामा,

तुमच्या अन् मामीच्या पायावर इथूनच डोकं ठेवतो. मी बरा आहे. हे पत्र कोकिळाच तुम्हाले वाचून दाखवत असंन, तर तिले सांगा, मधले शब्द गाळू नको, गेल्या वेळी गाळले होते.

आपल्या धाडचा उकंडराव इथं माझ्याच खोलीत राहते. तो परवा गावाहून आला. पिशवी खाली ठेवाच्या आधीच म्हणाला, "काय बे कडूबा, तुझ्या मामाच्या घरी टँक आला ना!" मी म्हटलं कोणता टँक? तर म्हणे मोतीराम सुटीवर आला, त्यानं स्वतःच्या हातानं जोडलेला वीतभर टँक तुमच्या भिंतीतल्या देवळीत मांडला, अन् अर्धं गाव तो पाहाले येऊन राह्यलं. चहा करू करू मामी थकली म्हणे.

मामा, मले राग नाही. मोतीराम माझा सख्खा मावसभाऊ आहे. नगरच्या छावणीत तो खरा टँक चालवते, चालवो. पण प्लास्टिकचा टँक हा माझा धंदा आहे, त्याचा नाही. खामगावच्या कापसाच्या जिनात मी टिकलो नाही, भुसावळले हमालीत टिकलो नाही, हे तुम्ही चार माणसांत बोलून दाखवता. इथं मात्र टिकलो. आमच्या शेडात हेच टँक निघतात. विलायती डब्याची नक्कल, गरिबाच्या लेकरासाठी. सगळे तुकडे साच्यातून एका काडीले लटकून बाहेर पडतात, चिंचेच्या फांदीले चिंचा लागाव्या तसे. घेणाऱ्यानं ते तोडून घरी चिकटवायचे. निघालेला माल पाह्यचं काम माझं. मी हो म्हटलं तर डबा बाजारात जाते, नाही म्हटलं तर पुन्हा भट्टीत.

म्हणून सांगतो, गावानं वाहवा केली म्हणजे टँक चांगला झाला असं नाही. गावानं कधी टँक पाह्यला? तुम्ही स्वतः पाहा. सपाट जागेवर ठेवा, सगळी चाकं टेकतात का ते पाहा. तोफेच्या नळीवर नख फिरवा. नळी दोन फाकांची असते, चांगल्या हातानं घासली नाही तर मधात शिवण लागते. टँकच्या वरच्या फिरत्या डोक्याच्या बुडाशी पांढरं धुकं दिसलं तर समजा चिकटवणारा अडाणी आहे, चिकटवायचा लेप जास्त लावला. वासही घ्या. जुन्या चपला वितळवून केलेलं प्लास्टिक वासानं समजते.

गेल्या दिवाळीत तुम्ही माझ्या आईसमोर अन् मावशीसमोर म्हणाले होते, दोन बहिणींचे दोन पोरं, कोकिळा कोणाच्या घरी द्यायची ते येत्या दिवाळीनंतर सांगतो. ते मी विसरलो नाही. टँक पाहून काही ठरवू नका, एवढंच म्हणणं आहे.

तुमचा भाचा
कडूबा


धाड
६ मे १९६८

कडूबास हिंमतराव मामाचा आशीर्वाद. मी बोलून राह्यलो अन् कोकिळा लिहून राह्यली.

तुझं पत्र ऐकलं. तू सांगितलं तसं पाह्यलं. टँक पाटावर ठेवला तर तुझी मामी म्हणाली पाट देवाचा आहे, त्याच्यावर तोफ ठेवू नका. मग परात उपडी करून तिच्यावर ठेवला. बाजारात बैल घेताना मी आधी काय करतो, चालवून पाहतो. तसा बोटानं ढकलून पाह्यला. लंगडते. एका अंगाचं चाक वर राहते, खालून पोस्टकार्ड सरकते. नळीवर शिवण आहे. धुकं आहे, पण थोडं. वास घेतला, चपलेचा नाही, अत्तराचाही नाही.

पण कडूबा, हे सगळं मोतीरामनं मले आधीच सांगितलं होतं. देवळीत मांडतानाच म्हणाला, "मामा, हा लंगडा आहे. चिकटवल्यावर समजलं, आता उपटला तर मोडंन." आपल्या इकडे बैल इकणारा खोड आधी सांगते अन् मगच दाव्याले हात लावू देते. न सांगता इकलेला बैल घेणारा परत आणून बांधते, अन् चार गावात इकणाऱ्याचं तोंड काळं होते. तुले हे माहीत आहे, तुझा बापही बाजारात बसलेला माणूस होता. मोतीरामनं खोड सांगितली ते मले आवडलं.

पाऊसपाण्याचं ठीक. मिरचीचं रोप टाकायचं आहे. तब्येतीले जपजो.

बाबा मिरचीच्या वाफ्याकडे गेले. इथून पुढं माझं.

तू चाकाचं विचारलं, नळीचं विचारलं, वासाचं विचारलं. मी बुलढाण्याले जाऊन शिवणकामाची परीक्षा दिली अन् पास झाली, ते तुले उकंडरावनं सांगितलंच असंन, पण तू काही विचारलं नाही. शिवण कुठं लपवायची अन् कुठं दिसू द्यायची हे आता मले तुझ्यापेक्षा जास्त समजते.

आखाजीले, अक्षय तृतीयेच्या सणाले, निंबाले झोका बांधला होता. दोर मोतीरामनं बांधून दिला. पक्का होता, तानुबाई आत्या बसली तरी तुटला नाही. दुसऱ्या दिवशी तो नगरले गेला.

मधले शब्द गाळले नाहीत.

कोकिळा


कुर्ला
१४ मे १९६८

मामा,

पाया पडतो.

लंगडा टँक, अन् देवळीत? खोड सांगितली म्हणून खोड जाते का? लंगडा बैल लंगडाच राहते ना, सांगून इका की न सांगता. दोर बांधाले कोणालेही येते. निंबाची फांदी मजबूत असंन.

ज्या कोणी तो डबा पास केला त्याले शेडाच्या दारात उभं करून जोड्यानं हाणलं पाहिजे. मी असतो तर नोकरीवरून काढला असता. डोळे असून आंधळा! असल्या माणसांमुळेच आमच्या धंद्याचं नाव खराब होते. एखादं लेकरू बापाच्या मागं लागून डबा घेते, घरी जाऊन जोडते, अन् टँक लंगडा निघते. त्या लेकराले काय वाटत असंन याचा विचार त्या हरामखोरानं केला नाही.

मले या गोष्टीचा तळ पाह्यचा आहे. मोतीरामले पत्र टाकून विचारा. डबा कोणत्या बाजारात घेतला? डब्यावर चित्र कशाचं होतं? तुकडे काडीवरून ब्लेडनं कापले की हातानं पिरगाळून तोडले? चाकं बसवताना पट्टी लावून पाह्यलं का नाही? चिकटवल्यावर किती वेळ वाळू दिला? कोकिळानं तुमच्या नावानं लिहावं, तिचं अक्षर चांगलं आहे. एकेक गोष्ट नीट विचारावी. एका पत्रात उत्तर नाही आलं तर पुन्हा विचारावी. तो टाळाटाळ करंन, त्याले सोडू नका.

कोकिळाले सांगा, शिवणकामात पास झाली ते चांगलं झालं. मले उकंडरावनं सांगितलं होतं, लिहाचं राहून गेलं, मनात होतं.

कडूबा


धाड
२३ जून १९६८

कडूबास आशीर्वाद.

तुझ्या सांगण्यावरून मोतीरामले पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं. तुझे काही प्रश्न राह्यले म्हणून दुसरं टाकलं, त्याचंही आलं. नगरच्या बाजारात घेतला म्हणते, चित्र पॅटन टँकचं होतं. ब्लेडनं कापले. पट्टी लावली होती. चाक वर राहण्याचं कारण त्यानं शोधून काढलं. डब्यात दोन्ही अंगाची चाकं सारखी पाहिजेत, तर त्यात डाव्या अंगाची जास्त निघाली अन् उजव्या अंगाची कमी. डाव्या-उजव्याचं भोक सारखं खोल नसते म्हणे. मग त्यानं डाव्याच चाकाले घासून उजवीकडे बसवलं, ते तेवढंच वर राह्यलं. त्यानं डब्यावाल्याले शिव्या दिल्या नाहीत. म्हणाला, एवढ्या चाकांत एखाद्याचा हात चुकला असंन.

आणखी एक म्हणते, ते तुले सांगाले सांगितलं. खऱ्या टँकचं डोकं गुळगुळीत नसते. ओतीव लोखंड, हात लावला तर भाकरीच्या पापुद्र्यासारखं खरखरीत लागते, अन् वेल्डिंगच्या शिवणी अंगभर दिसतात. कडूबा म्हणजे सगळं घासून टाकत असंन, त्याले म्हणा टँक म्हणजे तांब्या नव्हे.

पाऊस लागला नाही अजून. उकंडरावच्या घरी म्हैस व्याली, त्याले सांग.

माझं.

मोतीरामची पत्रं वाचाले मजा येते. तो लिहिते की टँकच्या आत बसलं की बाहेरचं जग पोस्टाच्या पेटीच्या फटीतून पाह्यल्यासारखं दिसते. समोरून कोणी शेतकरी चालला असला तर आधी त्याचे पाय दिसतात, मग धोतर, अन् तोंड दिसाच्या आत तो निघून जाते. मी हे आईले वाचून दाखवलं तर ती म्हणाली, मग याले लग्नात नवरीचं तोंड तरी नीट दाखवा. मी पत्र घडी करून ठेवलं.

तू तिथं काय पाहतो ते एकदा लिही.

कोकिळा


कुर्ला
१० जुलै १९६८

मामा,

पाया पडतो. पोस्टाच्या पेटीची फट! असं बोलाले काय लागते? छावणीत फुकटचं जेवण मिळते, बसल्या जागी असं काहीही सुचते. माझ्या खोलीच्या खिडकीतून तर फटही दिसत नाही, समोर दुसऱ्या शेडाची भिंत आहे. तिच्यावर पानाच्या पिचकाऱ्या आहेत. ते मी काय लिहू?

डाव्या-उजव्या चाकांबद्दल मी काही बोलत नाही. मुंबईत शेडं पुष्कळ आहेत.

उकंडराव म्हैस पाहाले येऊन राह्यला. त्याच्याजवळ बिस्किटाचा डबा दिला आहे. आत कापसात माझा टँक आहे. वर्षभरापासून मी तो तयार करत होतो, कोणाले सांगितलं नाही. तो कोकिळासाठीच होता, दिवाळीत स्वतः आणणार होतो. पण तिकडं लोकं लंगड्या मालाले डोक्यावर घेऊन नाचतात, म्हणून आधी पाठवतो. परातीवर ठेवा, पाटावर ठेवा, आरशावर ठेवा. एक चाक हललं तर माझं नाव बदला. एकेक चाक मी निवडून घेतलं आहे. नळी अशी घासली की दोन फाका होत्या हे साच्याच्या बापाले समजणार नाही. डोकं गुळगुळीत आहे, अन् गुळगुळीतच चांगलं दिसते. खरखरीत पाहिजे असंन त्यानं दगड मांडावा देवळीत.

खोड सांगाची म्हणता ना? याच्यात नाही. एकही नाही.

मोतीरामच्या टँकशेजारी ठेवा. मुद्दाम शेजारी ठेवा. अन् गावाले बोलवा.

कडूबा


धाड
४ ऑगस्ट १९६८

कडूबा,

हे पत्र माझंच आहे. बाबानं सांगितलं नाही, त्यांना माहीतही नाही. आशीर्वाद वगैरे काही नाही.

तुझा टँक पोचला. बाबानं परातीवर ठेवला. परात हातात धरून वाकडी केली तरी सगळी चाकं टेकलेलीच. बाबा म्हणाले, "पोराच्या हातात कसब आहे, झुंबरबाईचं पोरगं वाया गेलं नाही." तुझ्या आईले हे सांगाले ते स्वतः तुमच्या घरी गेले. मले किती बरं वाटलं ते लिहीत नाही. मी तुझा टँक देवळीत पुढं ठेवला, मोतीरामचा मागं.

काल धूळ पुसाले दोन्ही खाली काढले. उलटे केले. दोघांच्याही पोटाखाली मागच्या अंगाले ज्वारीच्या दाण्याएवढा फोड आहे. एकाच जागी, एकाच बाजूले कललेला. मी कापड बेतणारी बाई आहे, एकाच कागदावरून कापलेल्या दोन बाह्या मले ओळखू येतात. हे दोन्ही टँक एकाच साच्यातले आहेत.

मग मले दुसरं सुचलं. तू लिहिलं की एकेक चाक निवडून घेतलं. वर्षभर निवडत होता. ज्या डब्यांतून चांगलं उजवं चाक काढलं, त्यात काय टाकलं? जे हाताशी उरलं ते डावं?

कडूबा, मी रागावली नाही. खरं सांगू तर मले हसू आलं. ज्याले तू दारात उभं करून जोड्यानं हाणणार होता तो तूच. आईशपथ, मी चुलीजवळ बसून एकटीच हसली. माझ्यासाठी तू असं केलं याचंही वाईट नाही वाटलं. पण तू स्वतः सांग. बाबाले फोड दाखवला नाही. तुझ्या पत्रात चार ओळी येऊ दे की मामा, असं असं झालं. बाबा हसतील, मोतीरामही हसंन, तो त्या स्वभावाचा आहे. बाबाजवळ आधी सांगितलेल्या खोडीले दोष नाही, तुले माहीत आहे.

दिवाळीच्या आत लिही.

कोकिळा


कुर्ला
१९ ऑगस्ट १९६८

कोकिळा,

फोड सगळ्याच टँकले असते. सगळे साचे लोखंडाचेच असतात, सगळ्यांले कुठं ना कुठं मार लागतो. आमच्या साच्याची नक्कल करणारे दुसरे शेडवाले आहेत, ते फोडासकट नक्कल करतात. तुले शिवणकाम समजते, प्लास्टिक नाही समजत. माझ्या हातून एकही डबा वाईट गेला नाही, हे मी कोणाच्याही समोर सांगीन.

आता तू सांग. टँक उलटा करून पोटाखाली पाह्यचं तुले कोणी शिकवलं? मी तर शिकवलं नाही. मोतीरामच्या पत्रात होतं ना? "तो त्या स्वभावाचा आहे" म्हणते. कोणत्या स्वभावाचा आहे हे तुले दोन पत्रांत समजलं, की जास्त झाली? मी मामाच्या नावानं विचाराले सांगितलं होतं, तुले त्याचं पोस्टाच्या पेटीचं कौतुक कराले नाही. माझे प्रश्न संपले केव्हाच. मग आता कशाची पत्रं येतात? उकंडराव सांगते पोस्टमन तुमच्या दारात सायकल थांबवूनच ठेवते.

यापुढं त्याले एक अक्षर लिहू नको. अन् मामाले सांग, देवळीत एकच टँक राहीन. मोतीरामचा काढा. त्याचा ठेवायचाच असंन तर माझा परत पाठवा.

कडूबा


(पोस्टकार्ड)

कुर्ला
७ ऑक्टोबर १९६८

मामा,

पाया पडतो. गणपती गेले, दसरा गेला, तुमचं पत्र नाही. काल उकंडराव पुन्हा गावाहून आला, त्यानं बिस्किटाचा डबा माझ्या हातात दिला. मी विचारलं, काय म्हणाले? तर म्हणते, "काही नाही बे, तूच परत मागितला ना."

मी तसं म्हटलं नव्हतं, मामा. रागात लिहिलं होतं. रागातलं लिहिलेलं कोणी करते का? कोकिळानं सगळंच वाचून दाखवलं का? थोडं गाळाचं होतं.

कापूस नवा घातला आहे. कोणी घातला?

दिवाळीले येतो म्हणत होतो पण मालाची घाई आहे. सुटी नाही. देवळीत आता काय आहे ते कळवा.

कडूबा


धाड
८ नोव्हेंबर १९६८

कडूबास मामाचा आशीर्वाद.

तुळशीचं लग्न झालं. गेल्या दिवाळीत बोललो होतो तसं आता सांगतो. कोकिळा मोतीरामले दिली. मार्गशीर्षात लग्न आहे, पत्रिका वेगळी येईन. तुझ्या आईले मी समोर बसून सांगितलं. ती रडली, मग जेवून गेली.

तुले वाटंन मामानं पगार पाह्यला, सरकारी नोकरी पाह्यली. तसं नाही. श्रावण संपेपर्यंत माझं मन तुझ्याकडे होतं, तुझी मामी साक्षीले आहे. तुझा टँक आला तेव्हा माझं ठरल्यातच जमा होतं. मग तू लिहिलं की एक काढा नाही तर माझा परत पाठवा. कडूबा, गोठ्यात दुसरा बैल बांधला म्हणून दावं तोडणारा बैल मी कधी घेतला नाही. मारका असला तर हात फिरवून नीट होते. पण ज्याले शेजार चालत नाही तो कितीही देखणा असो, त्याच्यासंगं औताले दुसरा जुंपता येत नाही. संसार तर जोडीनंच ओढायचा आहे.

पोरीले विचारलं. मी न विचारता देणारा बाप नाही. ती काय म्हणाली ते तीच लिहीन, मी उठतो.

कडूबा,

कापूस मी घातला.

तुझ्या त्या पत्रातलं देवळीचं तेवढंच मी बाबाले वाचून दाखवलं, फोडाचं अजूनही सांगितलं नाही, अन् मोतीरामलेही सांगणार नाही. ते तुझं आहे.

तुले वाटते मोतीराम मधात आला. खरं सांगू? चैत्रात तो टँक घेऊन आला तेव्हा मी त्याच्याकडे धड पाह्यलंही नव्हतं. देवळीत काय ठेवलं तेही दोन दिवसांनी समजलं. मग तुझं पत्र आलं, पाहा, पाहा, नीट पाहा. मी पाह्यलं. मग तू म्हणाला त्याले लिहा, एकेक गोष्ट विचारा, सोडू नका. मी लिहिलं. तुझ्या सगळ्या पत्रांत मोतीराम होता, मी कुठं होती ते शोधावं लागे. त्याच्या पत्रांत मात्र तो विचारे, परीक्षेत पोलकं बेतलं ते कोणत्या मापाचं होतं. तेवढंच. त्याच्यात काही मोठं नाही, पण मले कोणी ते विचारलं नव्हतं.

तू ते चार ओळींचं पत्र लिहिलं असतं तर मी बाबाशी भांडली असती. वाट पाह्यली. दसऱ्यापर्यंत पाह्यली.

आता एक मागते. मले भाऊ नाही, चुलतभाऊही नाही. लग्नात कानपिळीले नवरदेवाचा कान धराले माझ्या बाजूनं कोणी नाही. आई म्हणाली शेजारच्या शालिग्रामले उभं करू. मी म्हटलं नाही, कडूबा उभा राहीन. बाबा म्हणाले, आतेभावाले कसं सांगावं, त्याचा हक्क होता, त्याले लागंन. मी म्हटलं लागू द्या. दुसऱ्या कोणी मोतीरामचा कान धरला तर त्याले लागणार नाही.

ये.

कोकिळा


कुर्ला
२० नोव्हेंबर १९६८

मामा, मामी, पाया पडतो. कोकिळा, हे मोठ्यानं वाच.

पत्र पोचून आठवडा झाला. उकंडराव म्हणे काय लिहिलं आहे, मी म्हटलं मिरचीचा भाव. त्याले कुठून तरी समजलंच. आता तो खोलीत माझ्यासमोर टँक हा शब्द काढत नाही, रणगाडा म्हणते. मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

मामा, तुम्ही बैलाचं लिहिलं. लिहा. तुमच्या जागी मी असतो तर मीही मोतीरामले दिली असती असं म्हणणार नाही, कारण नसती दिली. अजूनही मले वाटते की तो लेप जास्त लावते. नगरले बिऱ्हाड केल्यावर गळक्या भांड्याले डाग द्यायचं काम त्याले सांगू नका.

फोड आमच्याच साच्याचा आहे. मोतीरामचा डबाही माझ्याच हातून गेला. किती डब्यांत डावी चाकं जास्त गेली ते मले माहीत नाही, मोजली नव्हती. सेठले सांगितलं. त्यानं मले पाहाच्या कामावरून काढून साच्याच्या भट्टीवर बसवलं आहे, तिथं उन्हाळ्यासारखं गरम असते. एखाद्या वेळेस इथूनही निघून जाईन. सुरतेले काम आहे म्हणतात. पण ते लग्नानंतर.

कोकिळा, तू मले भाऊ करून राह्यली. चांगली युक्ती केली. तुझ्या बापानं सांगितलं असतं तर मी आलो नसतो, मुंबईतच पडून राह्यलो असतो अन् लग्नाच्या दिवशी कोणाशी तरी मारामारी केली असती. परीक्षेतलं पोलकं कोणत्या मापाचं होतं ते मी आता विचारत नाही. उशीर झाला, अन् विचारलं तर मोतीरामची नक्कल होईन.

सेठनं सुटी दिली नाही. मी घेतली.

लग्नाच्या आदल्या दिवशी बुलढाण्याच्या गाडीनं धाडले उतरतो. पेटीबिटी काही नाही, कोणाले घ्याले पाठवू नका. मामी, कानपिळीत कान कोणता धरतात, डावा की उजवा, ते विचारून ठेवा, मी आजपर्यंत कोणाचा भाऊ झालो नाही. मोतीरामले सांगा, मुंडावळ्या जरा वर बांध, कानावर येऊ देऊ नको. अन् भावाले मानाचा कपडा देतात तो माझ्यासाठी घेऊ नका. कपडा दिला की कान सोडावा लागते. मी एवढ्या लांबून कपड्यासाठी येऊन राह्यलो नाही.

कडूबा